त्याच बोटांनी

ता. ३, मंगळवार

ही वही आमच्या ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "जेवताना एवढी बडबडतेस, त्यातली थोडी कागदावर बडबड. मला घास तरी गोड लागेल." ऐका! लग्नाला एवढी वर्षं झाली आणि आता यांना माझी बडबड खुपायला लागली. पण वही छान आहे, जाड पुठ्ठ्याची. वाया कशाला घालवा? मी ठरवलंय, ही धाकटीच्या बाळासाठी लिहायची. वाचण्याएवढं झालं की हातात ठेवीन आणि सांगेन, घे, तू यायच्या आधी इथे काय गोंधळ चालला होता तो बघ.

तर बाळा, मी तुझी मावशी. तुझ्या आईपेक्षा बरीच मोठी. आमची आई लवकर गेली, त्यामुळे तुझ्या आईच्या वेण्या मी घातल्या आणि धपाटेही मीच घातले. पुढे नखांत कायम शाई असलेल्या एका छापखान्यातल्या मुलाशीच लग्न करणार म्हणून ती हटून बसली. तेव्हा आधी कडाकडा भांडले आणि मग लग्नही मीच लावून दिलं. तो छापखानेवाला म्हणजे तुझा बाप. माणूस चांगला आहे, पण हे त्याला सांगू नकोस.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर आहे. किती बाळं या हातांत आली त्याची गणती नाही. रस्त्याने एखादा दांडगा पोरगा जाताना दिसला की वाटतं, याचंही डोकं मीच धरलं असेल. आमच्या स्वतःच्या घरात पाळणा हलला नाही. औषधं झाली, तपासण्या झाल्या. नाही ते नाही. विषय संपला. तुझ्या आईलाही खूप वाट बघावी लागली आणि आता परवा तुझी तारीख आहे. तुझ्यासाठी पिवळा टॉवेल आणून ठेवलाय. नवा टॉवेल अंगाला टोचतो, म्हणून धुऊन धुऊन मऊ केलाय. हॉस्पिटलच्या हिरव्या कापडात तुला घेणार नाही. तू ये आणि माझ्या हातात ये. बाकी माझं काही मागणं नाही.

ता. ६, शुक्रवार

तारीख काल उलटून गेली. पाहुण्याचा पत्ता नाही.

आज दोघं जेवायला आली होती. धाकटी बदकासारखी चालते. जिना चढून आली आणि दारातच म्हणाली, "ताई, हा भाडेकरू घर सोडायला तयार नाही गं." मी म्हटलं, "आईवर गेलाय. तुला तरी कधी वेळेवर उठवता आलं का?"

जेवताना मी सांगत होते, बाळाला अंघोळ मी घालणार, तेल मी लावणार, दुपट्यात गुंडाळणार मी. तर छापखानेवाला म्हणतो, "बरोबर आहे. माय मरो आणि मावशी उरो." धाकटीने त्याच्या दंडावर फटका मारला, "मला कशाला मारतोस रे आत्ताच?" सगळे हसलो. तो बिचारा लाजून पाणी आणायला उठला.

मग आमच्या ह्यांना शंका आली. "बाळंतपणाची वेळ झाली हे तुम्हाला बाहेरून कळतं कसं?" मी म्हटलं, बाहेरून नाही, बोटांनी कळतं. पिशवीचं तोंड तपासायचं. ते किती उघडलंय, किती पातळ झालंय, मागे वळलंय की पुढे आलंय, बाळाचं डोकं किती खाली उतरलंय आणि तोंड किती मऊ आहे, अशा पाच गोष्टी बघून गुण द्यायचे. गुण चांगले पडले तर कळा सुरू करायचं औषध लागू पडतं. कमी पडले तर शरीर तयार नाही, उगाच जुलूम होतो. "मऊ म्हणजे किती मऊ?" हे म्हणाले. मी म्हटलं, "नाकाच्या शेंड्याला हात लावा. एवढं घट्ट असेल तर शून्य. कानाची पाळी, एक. ओठ, दोन." तर हे नाक, कान, ओठ चाचपत बसले आणि भात ताटात निवून गेला. धाकटी हसून हसून पोट धरायला लागली. मी ओरडले, "पुरे! इथेच बाळंत व्हायचंय का?"

ता. ९, सोमवार

आज धाकटीची पहिली तपासणी. आमच्याकडे रक्ताच्या माणसाला आपण तपासू नये असं म्हणतात. नियम नाही, पण म्हणतात. हात कापतो, मन मध्ये येतं. पण ही बया पडद्याआड खाटेवर पाय घट्ट मिटून बसली. "ताईच बघेल. नाहीतर मी चालले घरी."

मोठ्या डॉक्टरीणबाई हसल्या. "बघा हो सिस्टर तुम्हीच. तुमची बोटं काय आणि माझी बोटं काय." मग मेट्रनकडे वळून म्हणाल्या, "पण मग पुढेही याच बघतील." ही आमच्या वॉर्डाची पद्धत. कुणाची बोटं जाड, कुणाची बारीक. एकीला जे दोन बोटं वाटतं ते दुसरीला दीड वाटतं. रोज वेगळीने तपासलं तर तोंड उघडतंय की मिटतंय तेच कळायचं नाही. म्हणून जिच्या बोटांनी पहिली तपासणी, तिच्याच बोटांनी पुढची.

तीन गुण. घट्ट, मागे वळलेलं. बाळाचे ठोके मात्र घोडा दौडल्यासारखे. मोठ्या बाई म्हणाल्या, गुरुवारी परत बघू.

बाहेर आले तर मेट्रनने नवीनच काढलं. शुक्रवार, शनिवार, रविवार मला शहराबाहेरच्या दवाखान्यात लसी टोचायला पाठवणार. तिथली सिस्टर आजारी पडलीय. मी म्हटलं, "बहिणीचे दिवस भरलेत, मला आत्ता हलवू नका." तर म्हणे, "सिस्टर, वॉर्डात दुसऱ्या बायका नाहीत का? तुमच्यावाचून कुणाचं अडतंय?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर दुसऱ्यांची बाळं झेलली, सणवार बघितले नाहीत, रजा मागितल्या नाहीत. आयुष्यात एकदा एक मागितलं. तर नाही.

ता. १२, गुरुवार

सोमवार ठरला!

झालं असं. मोठ्या बाई ऑपरेशनला उभ्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "सिस्टर, बहिणीला बघून घ्या. सहा किंवा वर असेल तर उद्या सकाळी दाखल करून कळा सुरू करू. दिवस वर गेलेत, तोंड तयार असेल तर उगाच थांबायचं नाही. कमी असेल तर सोमवारपर्यंत वाट बघू." उद्या सकाळी मी कुठे? त्या दवाखान्यात, सुई हातात घेऊन.

हातमोजे घातले. तपासताना मी डोळे मिटते. तोंड एक बोट उघडलेलं. थोडं पातळ झालेलं. मागून मध्यावर आलेलं. डोकं जरा उतरलेलं. चार गोष्टींचे एकेक, चार झाले. राहिला मऊपणा. पाळीला एक, ओठाला दोन. बोट जरा वेळ तिथेच ठेवलं. धाकटी म्हणाली, "काय गं ताई, डुलकी लागली का?" मी म्हटलं, "गप्प पड." पाळीसारखंच होतं. बऱ्यापैकी पाळीसारखं. शंका असली तर कमी द्यावा, असंच आम्हाला शिकवलंय. एक दिला. पाच.

आत जाऊन सांगितलं. मोठ्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पाच नक्की?" मी म्हटलं, "पाच." "मग सोमवारी सकाळी. तुम्हीच बघा, त्याच बोटांनी."

ठोक्यांचा कागद चांगला आला. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "सोमवारी तू असशील ना?" म्हटलं, "सकाळची पाळी आहे. संध्याकाळ झाली तरी हलणार नाही." "मग सोमवारच बरा," ती म्हणाली आणि माझा हात आपल्या गालावर दाबून धरला. लहानपणी ताप आला की असंच करायची.

घरी आले ती गुणगुणतच. हे म्हणाले, "स्वारी खुशीत?" सांगितलं, सोमवार ठरला. तर हे म्हणतात, "म्हणजे बाळ अजून तयार नाही, ही आनंदाची बातमी?" म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" काही काही माणसांना दुधात मीठ टाकायची सवयच असते.

टॉवेल परत एकदा धुतला.

ता. १४, शनिवार

इथे दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक बाक. पोरांच्या किंकाळ्यांनी कान किटले. काल तर लिहायलाही त्राण नव्हतं.

सकाळी ऐन गर्दीत धाकटीचा फोन. "ताई, शेवटी शेवटी बाळं जास्त झोपतात का गं?"

"का? हलत नाही?"

"हलतं. पण आळसावलंय जरा."

"कधीपासून?"

 मागे एक पोर टाहो फोडत होतं, मला नीट ऐकूही येत नव्हतं. मी म्हटलं, "गार दूध पी. डाव्या कुशीवर पड. पोटावर हात ठेव आणि लक्ष दे. नाही हललं तर हॉस्पिटलात जा."

"तू नाहीस तिथे. दुसरं कुणी बघितलं तर लगेच दाखल करून घेतील."

मी म्हटलं, "आधी पडून तर बघ, मग ठरवू."

परत फोन येईपर्यंत माझ्या हातून एका पोराला सुई जरा जोरातच टोचली गेली. त्याची आई माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघायला लागली. मग आला फोन. "हललं गं, हललं. चांगली लाथ मारली." आवाज बारीक येत होता, इथे फोनला रेंजच नाही धड. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "बघ, उगाच घाबरवतेस. परवा सकाळी ये लवकर."

"येते," म्हणाली. "तू पण लवकर ये."

ता. १५, रविवार

घरी पोचले. उद्या. टॉवेल पिशवीत भरला. हे म्हणाले, "आता तरी झोप." झोप कुठली!

ता. १८, बुधवार

लिहायला हवं. कुणासाठी ते माहीत नाही. पण पोटात ठेवलं तर मी उभी राहू शकणार नाही.

सोमवारी धाकटी आली ती केस विंचरून, धुतलेला फिका निळा गाऊन घालून. छापखानेवाल्याच्या दोन्ही हातांत पिशव्या. त्याने नखं घासून घासून लाल केली होती, तरी कडेला शाई राहिलीच होती. मी म्हटलं, "या पाहुण्याचे आई-बाप, या." धाकटी हसली नाही. मला वाटलं, घाबरलीय.

ठोक्यांचं मशीन लावलं. खरखर. जागा बदलली. खरखर. मी म्हटलं, हे मशीन बिघडलंय, कितीदा सांगितलं दुरुस्तीला द्या म्हणून. दुसरं आणलं. तेही बिघडलेलं. तिसरं आणायला शेजारच्या वॉर्डात पळत गेले. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे दोन आहेत ना?" मी हिसकावून घेतलं. तेही खरखरायला लागलं. तेव्हा धाकटीने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "ताई, पुरे. मशीन ठीक आहे."

मोठ्या बाई आल्या. सोनोग्राफी झाली. पडद्यावर सगळं होतं. डोकं, पाठीचा कणा, मुठी. हृदयाच्या जागी हलायला हवं तिथे काही हलत नव्हतं. बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी इतक्या वेळा दुसऱ्यांच्या खांद्यावर असा हात ठेवलाय. त्याने काही होत नाही. मला माहीत नव्हतं, काहीच होत नाही.

छापखानेवाला विचारत राहिला, "पण परत बघितलं तर?" मोठ्या बाईंनी परत बघितलं. त्यांचे उपकार आहेत. नाहीतर कोण बघतं?

मग तपासणी. बाई म्हणाल्या, "मी करते." धाकटी म्हणाली, "नाही. ताईच." मी हातमोजे घातले. डोळे मिटले. दोन बोटं सहज आत गेली. पातळ, मऊ, पुढे आलेलं. नऊ. वर्षानुवर्षं तपासतेय, इतकं सुरेख तयार तोंड क्वचित लागलं असेल हाताला. दार सताड उघडं होतं आणि बाहेर येणारं कुणी नव्हतं. मी "नऊ" म्हटलं आणि बाहेरच्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिले.

औषध लगेच लागू पडलं. धाकटी ओरडली नाही. दुसऱ्या खाटांवरच्या बायका ओरडत होत्या. पलीकडच्या पडद्याआड एकीचं बाळ रडलं. धाकटी म्हणाली, "मुलगा वाटतो. आवाज जाड आहे." मी तिच्या तोंडावरचा घाम पुसत होते. 

तिसऱ्या प्रहरी बाळ आलं. माझ्या हातात आलं. मुलगी. काळंभोर जावळ, आमच्या आईसारखं अपरं नाक. मी पिवळ्या टॉवेलात घेतली आणि पाठ चोळायला लागले. सवयीने. पाठ चोळली की बाळ रडतं. चोळत राहिले. तळव्यांवर टिचक्या मारल्या. "रड गं," म्हणत होते मी, "रड की गं बये." मोठ्या बाई म्हणाल्या, "सिस्टर." मग परत म्हणाल्या, "सिस्टर, पुरे."

छापखानेवाल्याने एका बोटाने तिच्या मुठीला स्पर्श केला आणि चटकन हात पाठीमागे लपवला. शाई लागेल म्हणून.

मी बाळ धाकटीकडे द्यायला वाकले. तिने हात पुढे केले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी तू घे, ताई. पोटभर घे. तुझ्यासाठीच थांबलो होतो ना आम्ही दोघी."

कळांत बायका काहीबाही बोलतात. शुद्ध नसते. नवऱ्याला शिव्या देतात, मेलेल्या आईला हाका मारतात. मी ते मनावर घेतलेलं नाही.

ता. २०, शुक्रवार

धाकटीला आमच्या घरी आणलंय. आज तिला दूध आलं. मी वॉर्डात बायकांना सांगते तसंच होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. शरीराला कुणी सांगितलं नाही की घ्यायला कुणी नाही. छाती दगडासारखी घट्ट झाली, ताप चढला. मी गार पट्ट्या ठेवल्या, कापडाने आवळून बांधली. ती भिंतीकडे बघत होती. एकदाच म्हणाली, "वाया चाललंय." मी रडले. ती नाही रडली.

मोठ्या बाईंचा फोन होता. नाळ तपासली, वार तपासली, कारण काही सापडलं नाही. "होतं असं कधी कधी, सिस्टर. पाच गुण होते, आपण थांबलो. मीही तेच केलं असतं. मनाला लावून घेऊ नका." बरोबरच बोलल्या. सगळं पद्धतीप्रमाणे झालं. मेट्रनने मात्र मला तिकडे धाडलं नसतं तर शनिवारी मी इथे असते, धाकटी नुसती चालत आली असती. त्या बाईला मी कधी क्षमा करणार नाही. आणि हा छापखानेवाला! बायको आळसावलंय म्हणते तर तिला उचलून न्यायला नको? शाई लावत बसला असेल.

हे संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसले.  मग म्हणाले, "गुरुवारी तू फार खुशीत होतीस."

"मग? काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही. तशी खुशीत तुला फार दिवसांनी बघितली, म्हणून आठवलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. घासलेलीच भांडी परत घासली. माणसाने कधी काय बोलावं याला काही धरबंध असतो.

ता. २७, शुक्रवार

कामावर गेले. पहिलीच बाई तपासायला दिली. हातमोजे घातले, डोळे मिटले, बोट लावलं. आणि मला आकडा सांगता येईना. शिकाऊ मुलगी पेन धरून उभी. मी म्हटलं, "दुसऱ्या सिस्टरना बोलाव." पोटात कळ आली म्हणून सांगितलं. मेट्रनने स्वतः चहा आणून दिला आणि समोर बसून राहिली. चांगुलपणा दाखवायचं हिला आत्ताच बरं सुचलं.

ता. ९, सोमवार

महिना उलटला, धाकटी अजून आमच्याकडेच आहे. छापखानेवाला रोज काम सुटलं की येतो, तिच्या पायथ्याशी बसतो आणि जातो. एकही दिवस चुकवलेला नाही. मी त्याच्याबद्दल वर जे लिहिलंय ते खोडणार नाही, पण ते खरं नाही.

आज दुपारी जेवणं झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, इथे बैस." मी बसले. तिने माझा हात हातात घेतला. गालावर नाही ठेवला.

"शनिवारी हललं नव्हतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"तुला फोन केला ना, लाथ मारली म्हणून. नव्हती मारली. गार दूध प्याले, कुशीवर पडले. काही नाही. मला वाटलं, झोपलंय. आज गेले तर दाखल करून घेतील, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात येईल. तुला सोमवार हवा होता. तू टॉवेल किती वेळा धुतलास, भावजींनी मला सांगितलं होतं. तू आयुष्यभर मला सगळं दिलंस, ताई. मला वाटलं, एवढं एक आपण द्यावं. एका दिवसाने काय होतंय? तो तर मला न्यायला निघाला होता. चपला घातल्या होत्या त्याने. मीच थांबवलं. हलतंय म्हणून त्यालाही खोटंच सांगितलं."

 ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकच विचारते. गुरुवारी पाचच होते ना?"

"पाच," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. इतक्या जणांना सांगितलं होतं, जीभ सरावली होती.

"म्हणजे तू बरोबर होतीस," ती म्हणाली. मान हलवली, कुणी हिशेब नीट समजावून दिल्यासारखी. "तुम्ही सगळे बरोबर होतात. मग मीच." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. माझ्या मांडीत डोकं घालून, लहानपणी रडायची तसं हुंदके देत. रडता रडता झोप लागली. उशी सरकवून मी इकडे बाहेरच्या खोलीत आले.

बाळे, ही वही तुझी. तू वाचणार नाहीस, म्हणून तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला आधी सांगण्याची माझी छाती नाही.

आत्ता मी कानाच्या पाळीला बोट लावून बघितलं. मग ओठाला. परत पाळीला, परत ओठाला. डोळे मिटून. माझी बोटं चुकत नाहीत. सगळा वॉर्ड सांगेल. त्या गुरुवारी बोटाला ओठ लागला होता. लागल्या लागल्या कळलं होतं. म्हणून तर बोट तिथे धरून ठेवलं मी, पाळी होईपर्यंत.

सहा होते. तुला शुक्रवारी सकाळी यायचं होतं. शनिवार उजाडलाच नसता तुझ्या आईवर.

ती म्हणते, मग मीच. आणि मी तिला तसं म्हणत झोपू दिलं. मी पाच म्हणत राहिले तर हे ओझं ती जन्मभर एकटीने वाहील आणि वर मलाच जपत राहील. ती तशीच आहे. मीच वाढवलीय.

आत हालचाल ऐकू येतेय. उठली वाटतं. चहाचं आधण ठेवलं होतं, ते बंद केलं. आधी सांगते, चहा नंतर.